समुद्रासाठी सोळा भोकं

"समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्यात, म्हणून मी जालन्याला निघालेय," असं फोनवर सांगितलं तेव्हा देवगडहून आई म्हणाली, "गो, नकाशो उलटो धरलंस काय?"

आईचं चुकलं नव्हतं. समुद्र पश्चिमेला आणि मी पुण्याहून पूर्वेची बस पकडलेली. पण माझी नोकरीच तशी आहे. आमची कंपनी गुजरातच्या किनाऱ्यापासून बरंच आत, भर समुद्रात, पवनचक्क्यांचं अख्खं शेत उभं करायच्या खटपटीत आहे आणि मी तिच्या खरेदी विभागात. लोकांना वाटतं, पवनचक्की म्हणजे तीन पाती. अहो, पाती सगळ्यात शेवटी येतात! आधी तळाचा चिखल किती खोल ते बघायचं, मग त्यात घरात मावणार नाहीत एवढाल्या जाडीचे पाईप ठोकायचे, मग मांडीएवढी जाड केबल किनाऱ्यापर्यंत पुरायची. हे सगळं उचलायला समुद्रात पाय रोवून उभं राहणारं जहाज लागतं. तशी जहाजं जगात मोजकी आणि ती कायम दुसऱ्याच कुणीतरी ठरवून ठेवलेली. पण ती झाली मोठ्यांची डोकेदुखी. माझ्या वाट्याला येतात शिड्या, कठडे, फलाट, आधाराचे कंस. लागतात हजारोंनी, एकही कमी पडून चालत नाही, आणि प्रत्येकाला खाऊन टाकायला खारं पाणी टपलेलं असतं.

या लहान वस्तू परदेशातूनच आणाव्यात असं आमच्या साहेबांचं ठाम मत. मी बैठकीत हट्टाला पेटले. मागच्या वर्षी अंबडच्या रस्त्यावर मी पाण्याचा एक टँकर पाहिला होता. त्याच्या पोटावरची वेल्डिंगची रेघ इतकी सरळ आणि एकसारखी होती की मी गाडी थांबवून ड्रायव्हरला विचारलं, हा बनवला कुणी? तो म्हणाला, घनसावंगीचे सलीमभाई. तेव्हापासून ते नाव माझ्या डोक्यात होतं. "टँकरवाले समुद्राचं काम करणार?" साहेब हसले. शेवटी एक फलाट चाचणीसाठी द्यायचं ठरलं. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधी शेवटची बोट निघते, तिच्यावर तो चढला आणि तपासणीत पास झाला, तर पुढचे सगळे फलाट घनसावंगीचे. बोट चुकली तर विषय संपला. माझा शब्द पणाला लागला होता आणि मला झोप येत नव्हती, हे कबूल करते.

जालन्यात उतरले ती मे महिन्याच्या भट्टीतच. "जालना सोने का पालना" असं इथले लोक अभिमानाने म्हणतात. आता सोन्यापेक्षा लोखंड जास्त. एमआयडीसीत सकाळीच गजांच्या कारखान्यापाशी थांबले. दारातून आत लालभडक सळई सापासारखी सळसळत येते आणि बघताबघता काळी पडते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या एका कामगाराला मी कशासाठी आलेय ते सांगितलं.

"समुद्रात? आमचा गज स्लॅबात जातो, मॅडम," तो म्हणाला. "एकदा सिमेटात गेला का त्याला ना ऊन ना पाणी. समुद्रात टाकायचं म्हंजी लेकराला वनवासाला धाडल्यावानी."

बरोबर बोलला. समुद्राला लागणारं पोलाद वेगळं, ते आम्ही दुसरीकडून घेऊन सलीमभाईंकडे धाडलं होतं. मला जालन्याकडून हवे होते ते हात. कामगाराच्या आग्रहाने मोसंबीचा ग्लासभर रस प्यायले आणि अंबडची बस पकडली.

अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून नाव असं. समुद्रापासून इतक्या दूर मासा भेटल्यावर मला माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं. खालूनच हात जोडले आणि "बोट चुकू देऊ नकोस" एवढंच मागितलं.

तिथून पुढे काळीपिवळी, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप. दहा जणांच्या जागेत आम्ही पंधरा, शिवाय एक कोंबडी. माझ्या मांडीवर माझी तपासणीची पेटी आणि पेटीवर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची पिशवी.

"कुठली गं तू? आन हिकडं कशाला आल्तीस?" बाईंनी विचारलं.

"समुद्रात मोठे पंखे बसवायचेत, आजी. त्याचं सामान घनसावंगीत बनतंय."

"समुद्रात पंखे? तिथं कुनाला उकडतंय?"

जीप हसली. मीही हसले. पंखे वारा घालत नाहीत, वाऱ्याने ते फिरतात आणि त्यातून वीज होते, ती तारेने किनाऱ्यावर येते, असं मी समजावलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मंग येऊ दे. पर दिवसा देय म्हनावं. रातच्या लाईटीनं मोटर चालू करायला जाऊन जाऊन मान्सं हैरान होऊन राह्यलीत."

दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि मधूनच कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस. आजींचं म्हणणं वहीत टिपून घेतलं. आमच्या कुठल्याच अहवालात इतक्या थोडक्यात कुणी काही मागितलेलं नाही.

सलीमभाईंचं वर्कशॉप घनसावंगीच्या अलीकडे, रस्त्यालाच. दारात दोन अर्धवट टँकर, पत्र्याच्या सावलीत पाच-सहा माणसं, आणि मधोमध आमचा फलाट. पोकळ पाईपांची चौकट, वर नक्षीदार पत्रा, भोवती कठडा. बोटीतून शिडी चढून आलेला माणूस याच्यावर पहिलं पाऊल टाकणार. मी आयुष्यात पुष्कळ वेल्डिंग पाहिलंय. हे पाहून मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

"कुणाचा हात?" मी विचारलं.

सलीमभाईंनी कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या माणसाकडे बोट केलं. "आमचे बशीरचाचा. माझे उस्ताद. अब्बाच्या टायमापासून हैत. चाचांनी बनवलेली टाकी आजपर्यंत एक बी गळाली न्हाई."

चाचा नुसते हसले. ठरलं होतं ते असं: मी दुपारपर्यंत तपासायचं, संध्याकाळी ट्रक भरायचा, सकाळी संभाजीनगरच्या पुढे एका कारखान्यात फलाट वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा, म्हणजे अंगभर मुलामा बसतो आणि गंज धरत नाही. तिथून थेट बंदर. एक दिवसही शिल्लक नव्हता.

मी नकाशा पसरला आणि टेप लावली. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. कठड्याची उंची बरोबर. मग भोकं. बोल्टांची जागच्या जागी होती. त्याशिवाय नकाशात सोळा होती: बारा पाईपांच्या टोकांना, चार वरच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत. मी एका टोकाला वाकून पाहिलं. भोक नव्हतं. दुसऱ्या टोकाला नव्हतं. पत्र्याला नव्हतं. फलाटाला दोन प्रदक्षिणा घातल्या, सोळातलं एकही सापडलं नाही.

"सलीमभाई, भोकं कुठायत?"

उत्तर चाचांनी दिलं. उठून आले आणि एका टोकावरून मायेने अंगठा फिरवला. "ती नकाशातली गलती होती, मॅडम. पोरांनी पाडली होती. म्या समदी भरून टाकली. घासून बराबर केली. बघा, हाताला तरी लागती का?"

खरंच लागत नव्हती. इतकं सफाईदार काम होतं.

माझा स्वभाव तापट आहे. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग जरा थंड होऊन समजावलं. बंद पाईपात हवा असते, एखादा थेंब पाणी असतं. जस्ताची कढई साडेचारशे अंशांवर उकळल्यासारखी तापलेली. बंद पाईप आत गेला की कोंडलेली हवा फुगते आणि पाईप फुटतो. कारखान्याच्या लोकांनी वेळीच पाहिलं तर माल परत पाठवतील आणि बोट जाईल. नाही पाहिलं तर त्याहून वाईट. आणि वरच्या पत्र्यावर लाटेचं पाणी साचलं तर वर्षभरात गंज.

चाचांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "चाळीस साल मी भोकं बुजवून राह्यलो. इथं पान्याचा एक थेंब गेला तर गाव शिव्या देतं. आन तुम्ही म्हनता भोक पाडा? माझ्याच हातानं माझं काम खराब करू? न्हाई जमायचं." आणि स्टुलावर जाऊन बसले.

मी सलीमभाईंकडे वळले. मालक तुम्ही, दुसऱ्या कुणाला तरी ड्रिल घ्यायला सांगा. सलीमभाईंनी मला बाजूला नेलं.

"तसं न्हाई होत, ताई. आमच्याकडं ज्यानं जोड मारला त्यानंच तो खोलायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावला म्हंजी तो मानूस कामातून बाद, असं समदे समजतात. उद्या चाचा पुन्हा वेल्डिंगचा रॉड धरनार न्हाईत. मला त्यांनी रॉड धरायला शिकवलं. मी कसा सांगू?"

"आणि बोट?"

"बोट बी पायजे," सलीमभाई म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला. "हे काम आलं न्हाई तर हे समदे पोरं पुन्याला चाललेत. तिथल्या कंपनीत नंबर लावून ठेवलाय त्यांनी." पत्र्याखाली काम करणारे पाचही जण आमच्याकडेच बघत होते.

घड्याळ बारा वाजून गेल्याचं सांगत होतं. सलीमभाईंच्या मागच्या घरातून जेवायचं बोलावणं आलं. मला भूक नव्हती, पण नाही म्हणणं बरं दिसेना. चाचाही आले, माझ्याकडे न बघता बसले. मी हात धुवायला अंगणात गेले तर सलीमभाईंची बायको, शबानाभाभी, चुलीपाशी होत्या. अंबाडीची भाजी झालेली, भाकऱ्या झालेल्या, आता भरतासाठी वांगी भाजायची होती. एकेक वांगं हातात घेऊन त्या सुरीच्या टोकाने चार-चार टोचे मारत होत्या.

मी तिथेच उभी राहिले. मग म्हटलं, "भाभी, एक वांगं तसंच ठेवा. टोचायचं नाही."

"अहो, फुटंल ना!"

"फुटू दे."

मी चाचांना हाक मारली. ते आले, मागोमाग सलीमभाई, मागोमाग सगळी पोरं. न टोचलेलं मोठं वांगं मी स्वतः निखाऱ्यावर ठेवलं आणि आम्ही सगळे चुलीभोवती उभे राहिलो.

काही झालं नाही. साल काळी पडली, वास सुटला. अजून काही झालं नाही. एक पोरगं खुदकन हसलं. देवगडात वांगी फुटतात, घनसावंगीत फुटत नाहीत की काय, अशी मला धास्ती पडली. चाचा दाढी कुरवाळत म्हणाले, "मॅडम, वांगं तर एक नंबर भाजून राह्यलं. भरीतच झालं की," आणि नीट बघायला खाली वाकले.

फाट! गर उडाला तो चुलीवर, भाभींच्या ओढणीवर, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर आणि चाचांच्या दाढीवर. भाभी तोंडावर ओढणी धरून हसत सुटल्या, पोरं तर लोळायचीच बाकी राहिली होती. मलाही हसू आवरेना.

चाचा हसले नाहीत. दाढी पुसत होते. "त्या कढईपाशी मान्सं उभी असतात?" त्यांनी विचारलं.

"असतात. अगदी कडेला."

"किती?"

"पाच-सहा तरी."

चाचांनी पुसता पुसता हात थांबवला. "मंग नकाशात तसं लिव्हायचं की हो. कशापायी भोक हाय ते. नुसता गोल काढून धाडला, मला काय कळनार?"

नकाशा आमच्या ऑफिसातून गेला होता, माझ्या सहीने. सोळा वर्तुळं, त्यांचे व्यास, आणि सगळी अक्षरं इंग्रजी. ज्यांच्या हातावर मी पैज लावली, त्यांना ते भोक का हे सांगायची मला एकदाही गरज वाटली नव्हती. "चूक माझी आहे, चाचा," मी म्हटलं, आणि ते म्हणताना खूप लाज वाटली.

चाचा न जेवताच निघून गेले. आम्ही जेवून परत आलो तेव्हा त्यांनी खडूने सोळा खुणा केल्या होत्या आणि ड्रिल हातात घेतलं होतं. पहिलं भोक पाडताना त्यांनी "बिस्मिल्ला" म्हटलं. टँकरचं काम थांबलेलं. लोखंडाचा बारीक कुरळा कीस त्यांच्या चपलेवर पडत होता. अकराव्या भोकाला ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, तुटलं. वर्कशॉपमध्ये दुसरं नव्हतं, तेव्हा सलीमभाई गाडी काढून गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून मागून घेऊन आले. ट्रकचा ड्रायव्हर तोवर तिसरा चहा पीत होता. ऊन उतरताना सोळावं भोक झालं. चाचांनी प्रत्येकात करंगळी घालून कडा घासल्या, ड्रिल ठेवलं आणि फलाटाकडे पाठ करून घरी निघाले. त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं, पण ट्रक भरायचा होता.

सलीमभाई माझ्याबरोबर ट्रकमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारखान्यात होतो. जस्ताची कढई म्हणजे लांबलचक हौद, वर राखाडी साय धरलेली, जवळ गेलं की चेहरा भाजतो. क्रेनने फलाट उचलला. कडेला खरंच सहा माणसं होती, मी मोजली. फलाट तिरका होऊन आत जायला लागला तसे सलीमभाई माझ्या शेजारी उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. वरच्या टोकांच्या भोकांमधून हवा सुसाट बाहेर आली, जस्तावर बुडबुडे फुटले, आणि बस. शांत झालं. फलाट वर आला तेव्हा तो असा लखलखत होता की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सलीमभाईंनी खरोखरच वाजवल्या.

बंदर गाठलं तेव्हा बोट सुटायला तीन तास होते. सलीमभाईंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पुष्कळ वेळ बघून ते म्हणाले, "एवढं पानी, आन एक टँकर भरता येत न्हाई," आणि ट्रकच्या दोऱ्या सोडायला गेले.

मला बोटीवर जायची परवानगी मिळाली. वारा अंगावर घेत, ओकारी दाबत, मी पुढच्या टोकाला उभी होते. देवगडच्या मुलीला बोट लागावी ही शरमेची गोष्ट, तेव्हा आईला सांगू नका. समुद्रातून वर आलेला आमचा पहिला चाचणीचा खांब जवळून पाहिला तेव्हा सगळी मळमळ पळाली. क्रेनने फलाट उचलला, माणसांनी ओढून धरला, आणि बोल्टांची भोकं जिथल्या तिथे बसली. तपासनीस कठड्याला धरून हलवून बघत होता तेवढ्यात एक आडदांड लाट आली आणि फलाटावरून पार गेली. चारही कोपऱ्यांतून पाणी धो धो खाली आलं. तपासनीसाने भिजलेल्या कागदावर टिक केली. मी सगळं मोबाईलवर घेतलं आणि रेंज येताच सलीमभाईंना पाठवलं.

पुण्यात परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी पावसाळ्यासाठी समुद्र बंद झाला. त्यानंतर तीन दिवसांनी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की पुढचे सगळे फलाट घनसावंगीला. एरवी मी तिथेच ऐटीत दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी फक्त एवढंच मागितलं की यापुढे प्रत्येक नकाशावर प्रत्येक भोकाशेजारी ते कशासाठी आहे, हे मराठीत लिहिलेलं असेल. इतकी वर्षं मी सामान कुठून येईल हे शोधत फिरतेय. ते बनवणारा माणूस काय विचार करून बनवतो, हे शोधायला मला अंबडच्या पुढे जीपमध्ये कोंबून घ्यावं लागलं.

संध्याकाळी सलीमभाईंना फोन केला. मागून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. पुण्याच्या कंपनीतला नंबर त्यांनी काढून घेतला म्हणे. मग फोनवर चाचा आले.

"व्हिडिओ बघितला," ते म्हणाले. "चार-पाच बार बघितला. समदं पानी निघून गेलं. वर काहीच थांबलं न्हाई."

"एक थेंबही नाही, चाचा."

"माझ्या हातचं काम आन त्याच्यात एक थेंब थांबला न्हाई. आन लोकांनी पास केलं?"

"पास केलं. सगळं काम तुमच्याकडे आलंय."

"मंग एक लिहून घ्या, मॅडम. पुढची भोकं बी मीच पाडनार. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा न्हाई."

मी ते खरेदीच्या कागदावर अटींच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं. साहेबांनी सही करताना विचारलं, ही कसली अट? मी म्हटलं, राहू द्या, ती महत्त्वाची आहे.